उत्तर न मिळालेली प्रार्थना आणि आपला दशांश
(संत गोन्सालो गार्सिया यांच्या जीवनावरून)

मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात किंवा घरोघरच्या प्रार्थनासभेत एक प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या तोंडी येतो. तो मोठ्याने विचारायला संकोच वाटतो, म्हणून हळू आवाजात विचारला जातो. आम्ही दर रविवारी अर्पण देतो, सोयाबीनची सोंगणी झाली की देवाचा वाटा आधी बाजूला काढतो, संध्याकाळची जपमाळ चुकवत नाही. मग आमची प्रार्थना देव का ऐकत नाही? पाऊस वेळेवर का आला नाही? मुलाला नोकरी का लागली नाही? घरातले आजारपण का हटत नाही? आणि याच प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो: उत्तर मिळत नसेल तर दशांश देत राहण्यात काय अर्थ आहे?

किन्हीराजा परिसरात राहणाऱ्या आपल्या लोकांना हा प्रश्न पुस्तकातला वाटत नाही. आपली शेती बहुतेक पावसाच्या भरवशावर. मृग कोरडा गेला की पेरणी लांबते, पेरल्यावर पावसाने ओढ दिली की दुबार पेरणीची पाळी येते, आणि पीक हाती आले तर भाव पडलेला असतो. ज्यांची शेती नाही त्यांची मजुरीसुद्धा याच पिकावर अवलंबून असते. म्हणून या प्रश्नाला वरवरचे उत्तर देऊन चालणार नाही. आज आपण एका संताच्या जीवनाकडे पाहू या. ते आपल्याच महाराष्ट्राच्या मातीतले आहेत. तरुणपणी त्यांनी देवाकडे एकच गोष्ट मागितली आणि ती त्यांना शेवटपर्यंत मिळाली नाही. ते म्हणजे वसईचे संत गोन्सालो गार्सिया.

वसईचा मुलगा

आपल्यापासून पश्चिमेला, मुंबईच्या उत्तरेस समुद्रकाठी वसई आहे. 1534 साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढची दोनशे वर्षे, म्हणजे 1739 साली चिमाजी आप्पांनी ती जिंकेपर्यंत, तिथे पोर्तुगीजांचा अंमल होता. संत फ्रान्सिस झेवियर हेही वसईला येऊन गेले होते. याच वसईत 1557 च्या सुमारास गोन्सालो यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज आणि आई वसईची. येशूसंघाच्या धर्मगुरूंनी चालवलेल्या शाळेत ते शिकले. या धर्मगुरूंच्या सहवासात राहून आपणही येशूसंघात जावे, व्रतस्थ व्हावे, ही इच्छा त्यांच्या मनात लहानपणीच रुजली.

त्या काळी जपान हे मिशनकार्याचे मोठे क्षेत्र होते. 1549 साली संत फ्रान्सिस झेवियर यांनी तिथे शुभवर्तमानाची सुरुवात केली होती. 1572 च्या सुमारास, जेमतेम पंधरा वर्षांचे असताना, गोन्सालो येशूसंघाच्या धर्मगुरूंबरोबर जहाजाने जपानला गेले. आपल्या गावचा पंधरा वर्षांचा मुलगा पुण्या-मुंबईला कामाला निघाला तरी आईचा पाय उंबऱ्यातून निघत नाही. इथे तर महिनोन्महिन्यांचा समुद्रप्रवास होता आणि परत येण्याची खात्री नव्हती.

जपानमध्ये गोन्सालो धर्मशिक्षक झाले. तिथली अवघड भाषा त्यांनी चांगली आत्मसात केली. लोकांमध्ये मिसळून त्यांना ख्रिस्ताची ओळख करून देणे, लहानांना प्रार्थना शिकवणे, धर्मगुरूंना हरप्रकारे मदत करणे, असे काम त्यांनी सुमारे आठ वर्षे केले. आणि या सर्व काळात त्यांची एकच विनवणी होती, की मला येशूसंघात घ्या.

बंद राहिलेले दार

ही विनवणी मान्य झाली नाही. त्या काळात भारतीय रक्ताच्या तरुणांना येशूसंघात घेण्यास वरिष्ठांचा विरोध होता. एक वर्ष गेले, दोन गेली, अशी आठ वर्षे गेली. काम करायला गोन्सालो हवे होते, पण संघाचे सदस्य म्हणून त्यांना घ्यायला संघ तयार नव्हता.

इथे आपण थोडे थांबू या. प्रार्थना फळाला आली नाही की आपण लगेच म्हणतो, देवाची इच्छा. पुष्कळदा ते खरे असते. पण काही वेळा दार देवाने बंद केलेले नसते, ते माणसांनी बंद केलेले असते. गोन्सालो यांच्या बाबतीत माणसांचे पूर्वग्रह आड आले. ज्या मजुराला ठरलेली मजुरी मिळत नाही त्याच्या प्रार्थनेआड देव येत नाही, मालक येतो. ज्या सुनेचा घरात छळ होतो तिच्या प्रार्थनेआड घरची माणसे येतात. म्हणून दुसऱ्याची प्रार्थना निष्फळ झालेली दिसली की त्याच्या विश्वासात खोट काढण्याआधी त्याचे दार अडवणाऱ्यांत आपण तर नाही ना, हे पाहावे.

गोन्सालो शेवटी निराश झाले आणि येशूसंघाचे काम सोडून निघाले. संतांच्या चरित्रात आपण हे पान घाईने उलटतो, पण ते महत्त्वाचे आहे. संतही निराश होतात. स्वतः प्रभू येशूने गेथशेमानी बागेत दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली आणि तो प्याला टळला नाही. संत पौल यांनी शरीरातला काटा काढून टाकावा म्हणून तीनदा विनवणी केली आणि काटा तसाच राहिला. स्तोत्रसंहितेत तर देवापुढे केलेली गाऱ्हाणी पानोपानी आहेत. तेव्हा उत्तर मिळाले नाही म्हणून ज्याच्या डोळ्यांत पाणी येते, त्याने आपला विश्वास कमी पडला असे मानून स्वतःला दोष देऊ नये.

व्यापारी गोन्सालो

पुढची काही वर्षे गोन्सालो यांनी व्यापार केला. जपानी भाषा येत होती, लोकांचा विश्वास होता, त्यामुळे पूर्वेकडील बंदरांत त्यांचा जम बसला आणि व्यवसायाला बरकत आली. माणसाने एखादी गोष्ट मागावी आणि देवाने भलतीच द्यावी, तसे हे झाले. मागितले होते व्रतस्थ जीवन, हाती आला पैसा.

आपल्यापैकी कोणी म्हणेल, एवढे बरे चालले होते, मग आणखी काय हवे? पण गोन्सालो यांचे मन पैशात रमले नाही. गोरगरिबांना ते सढळ हाताने देत. मनिला शहरात त्यांचा फ्रान्सिस्कन व्रतस्थांशी संबंध आला आणि अखेर त्यांनी चाललेला व्यापार सोडून त्या संघात प्रवेश केला. संत फ्रान्सिस यांच्या नियमाप्रमाणे संघात येणाऱ्याने आपले असेल नसेल ते गोरगरिबांना देऊन यायचे असते. दहातला एक भाग देण्याचा प्रश्न तिथे उरत नाही, दहाही भाग द्यावे लागतात.

तरीही ते धर्मगुरू झाले नाहीत. ते संघात साधे बंधू म्हणूनच राहिले. मिस्सा अर्पण करण्याचा मान त्यांच्याकडे कधीच आला नाही.

आठ वर्षांच्या अपयशाचे दान

1593 साली फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरने जपानच्या सत्ताधीशाकडे, टोयोटोमी हिदेयोशीकडे, वकील म्हणून फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्टिस्टा यांना पाठवले. पण हिदेयोशीशी बोलणार कोण? या मंडळींना जपानी भाषा येत नव्हती. ती येत होती बंधू गोन्सालो यांना. तेच दुभाषी म्हणून बरोबर गेले.

हिदेयोशीने 1587 मध्येच परदेशी मिशनऱ्यांनी देश सोडावा असा हुकूम काढलेला होता. तरीसुद्धा या बोलण्यानंतर फ्रान्सिस्कनांना जपानमध्ये राहण्याची मुभा मिळाली. क्योतो शहरात त्यांनी चर्च आणि मठ बांधला. ज्यांना घरचे लोकही जवळ करत नव्हते अशा कुष्ठरोग्यांसाठी त्यांनी रुग्णालये काढली. त्या रुग्णांच्या जखमा धुणे, त्यांना खाऊ घालणे, हे काम सुरू झाले.

आता मागे वळून पाहू या. ज्या आठ वर्षांत गोन्सालो यांची प्रार्थना फुकट गेली असे वाटत होते, त्याच आठ वर्षांत ते ही भाषा शिकले होते. त्या भाषेच्या आधारे हिदेयोशीपुढे बोलणे झाले आणि रुग्णालयांची वाट मोकळी झाली. क्योतोच्या रस्त्यावर पडलेल्या एखाद्या कुष्ठरोग्यानेही मला कोणीतरी जवळ करावे अशी इच्छा मनात धरली असेलच. त्याच्या इच्छेला जे उत्तर मिळाले, त्यात गोन्सालो यांच्या स्वतःच्या उत्तर न मिळालेल्या प्रार्थनेचा वाटा होता.

यावरून देवाने मुद्दामच गोन्सालो यांना नाकारले असा हिशेब आपण मांडू नये. तो हिशेब आपल्याला कळण्यासारखा नाही. त्यांच्यावर अन्याय झाला तो अन्यायच होता. पण अन्याय सोसूनही जे हाताशी उरले होते ते त्यांनी देवाच्या कामी लावले, एवढे मात्र आपण नक्की म्हणू शकतो.

दशांश कशासाठी?

इथे आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ या. पवित्र शास्त्रात अब्राहामाने मलकीसदेकाला दशांश दिला. याकोबाने बेथेल येथे नवस केला, की देवाने मला सांभाळले, अन्नवस्त्र दिले आणि सुखरूप घरी आणले तर मी दहावा भाग देईन. आपल्यापैकी अनेकांचा दशांश याकोबासारखा असतो. हे झाले तर ते देईन. देव अशा नवसावर रागावत नाही, त्याने याकोबाला सांभाळले. पण दशांशाची शिकवण तिथेच थांबत नाही.

अनुवाद या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात सांगितले आहे, की दर तिसऱ्या वर्षी दशांश गावातच साठवावा आणि लेवी, उपरा, अनाथ आणि विधवा यांनी त्यातून पोटभर खावे. मलाखी संदेष्ट्याचे पुस्तक आपण दशांशासाठी नेहमी वाचतो. दशांश आणा आणि देव आकाशाच्या खिडक्या उघडतो की नाही ते पाहा, असे आवाहन तिथे आहे. पण त्याच अध्यायात थोडे आधी, मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांना आणि विधवा व अनाथांना छळणाऱ्यांना देवाने कडक ताकीद दिली आहे, तिकडे आपले लक्ष जात नाही. प्रभू येशूनेही पुदिना आणि जिरे यांचा दशांश मोजून देणाऱ्या परूश्यांना न्याय, दया आणि विश्वासूपणा विसरल्याबद्दल फटकारले.

म्हणजे दशांश हा देवाकडे भरायचा हप्ता नाही, की हप्ते वेळेवर भरले म्हणजे मागितलेली वस्तू हक्काने मिळावी. दशांशातून विधवेला जेवण मिळते, अनाथाला कपडा मिळतो, चर्चमध्ये दिवा लागतो. कोणीतरी केलेल्या प्रार्थनेचे ते उत्तर असते. आपली प्रार्थना अडकून पडलेली असतानाही दुसऱ्याच्या प्रार्थनेचे उत्तर होण्याची संधी देव आपल्याला देतो. गोन्सालो यांनी हेच केले.

आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेने दहावा भाग दिलाच पाहिजे असा आकडा बांधून दिलेला नाही. प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे ख्रिस्तसभेच्या गरजांना हातभार लावावा, एवढी तिची आज्ञा आहे. तेव्हा ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, ज्याच्या घरी औषधाला पैसे नाहीत, त्याने उसनवारी करून दशांश भरू नये. त्याच्यासाठी दशांशातून काढायचे असते, त्याच्याकडून काढून घ्यायचे नसते. अशा भावाने संकोच सोडून फादरांना किंवा शेजारच्या कुटुंबाला आपली अडचण सांगावी, एकट्याने सोसत बसू नये. आणि ज्याला देता येते त्याने प्रार्थनेचे उत्तर येईपर्यंत हात आखडू नये. मंदिरात दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेची कोणती प्रार्थना पूर्ण झाली होती, हे शुभवर्तमानात लिहिलेले नाही. तिने दिले एवढेच प्रभूने पाहिले.

पैसा नसेल तर वेळ असतो. मुलांना धर्मशिक्षण देणे, आजाऱ्याला गाडीवर बसवून दवाखान्यात नेणे, ज्याच्याकडे बैल नाहीत त्याच्या शेतात एक दिवस औत धरणे, स्वयंपाकाच्या वेळी एक मूठ डाळ किंवा ज्वारी गरजू घरासाठी वेगळी काढणे, हेसुद्धा अर्पणच आहे.

नागासाकीची टेकडी

गोन्सालो यांचे शेवटचे दिवस पाहू या. 1596 च्या ऑक्टोबरमध्ये सान फेलिपे नावाचे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागले. त्यावरील मालावरून आणि खलाशांच्या बोलण्यावरून हिदेयोशीचा संशय बळावला आणि डिसेंबरमध्ये फ्रान्सिस्कनांच्या घरांवर पहारे बसले. 3 जानेवारी 1597 रोजी क्योतोमध्ये 24 जणांच्या डाव्या कानाची पाळी कापण्यात आली आणि त्यांची धिंड काढण्यात आली. मग ऐन हिवाळ्यात, बर्फातून, त्यांना शेकडो किलोमीटर दूर नागासाकीला नेण्यात आले. वाटेत या कैद्यांची सेवा करणाऱ्या दोघांनाही त्यांच्यात सामील करण्यात आले, आणि संख्या 26 झाली.

5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर या 26 जणांना क्रुसांवर बांधून भाल्यांनी भोसकून मारण्यात आले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय आणि सतरा जपानी प्रापंचिक होते. काही तर बारा-चौदा वर्षांची मुले होती. गोन्सालो तेव्हा सुमारे चाळीस वर्षांचे होते.

येशूसंघाच्या तिघांपैकी एक संत पॉल मिकी. उरलेले दोघे, जॉन आणि जेम्स, यांना मरणाच्या अगदी आधी येशूसंघाची व्रते घेता आली. ज्या गोष्टीसाठी गोन्सालो यांनी तरुणपणी आठ वर्षे विनवणी केली होती, ती त्या दोघांना त्याच दिवशी मिळाली. गोन्सालो यांना ती मिळाली नाही. ते फ्रान्सिस्कन बंधू म्हणूनच क्रुसावर गेले. पण क्रूस सर्वांचा सारखाच होता, आणि ज्या प्रभूसाठी त्यांना तो संघ हवा होता, तो प्रभू त्यांना तिथे भेटला अशी आपली श्रद्धा आहे.

दोनशे वर्षांची वाट

1627 साली पोप आठवे अर्बन यांनी या रक्तसाक्ष्यांना धन्यवादित घोषित केले आणि 8 जून 1862 रोजी पोप नववे पायस यांनी संतपद दिले. गोन्सालो हे भारतात जन्मलेले पहिले संत ठरले. वसईजवळ गास येथे त्यांच्या नावाचे चर्च आहे. 6 फेब्रुवारीला ख्रिस्तसभा संत पॉल मिकी आणि सर्व सोबत्यांचे स्मरण करते.

पण जपानमध्ये काय झाले? 1614 साली तिथे ख्रिस्ती धर्मावर सर्वत्र बंदी आली. पुढे एकही धर्मगुरू उरला नाही. तरीही नागासाकीच्या आसपासच्या कोळी-शेतकऱ्यांनी गुपचूप बाप्तिस्मा दिला, प्रार्थना पाठ करून मुलांना शिकवल्या आणि धर्मगुरू परत यावेत म्हणून वाट पाहिली. आजोबा वाट पाहत गेले, नातू वाट पाहत गेले. 17 मार्च 1865 रोजी नागासाकीत, याच 26 रक्तसाक्ष्यांच्या नावाने नुकत्याच बांधलेल्या ओउरा चर्चमध्ये, उराकामी गावचे काही लोक आले आणि तिथल्या फ्रेंच धर्मगुरूंना त्यांनी हळूच सांगितले, की आमची आणि तुमची श्रद्धा एकच आहे. त्यानंतरही त्यांचा छळ झाला, हद्दपारी झाली. 1873 साली बंदी उठली. ज्यांनी ती प्रार्थना सुरू केली त्यांच्यापैकी कोणीही उत्तर पाहायला जिवंत नव्हते.

प्रिय भाविकहो, आपली प्रार्थना आपल्या हयातीत फळाला येईलच असे वचन आम्ही या पानावरून देऊ शकत नाही. गोन्सालो यांच्या जीवनातून एवढे मात्र शिकता येते, की उत्तराची वाट पाहत असतानाही हातात जे आहे ते देता येते, आणि ते दिलेले दुसऱ्या कोणाच्या तरी कामी येते. येत्या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने जपमाळेनंतर दोन मिनिटे बसून विचार करावा: आपल्या ओळखीत कोणाची प्रार्थना अडून आहे, आणि आपल्या दहातल्या एका भागातून ती थोडीतरी पुढे सरकेल का? आपल्या स्वतःच्या प्रार्थनेसाठी दार ठोठावत राहू या. ते उघडेपर्यंत शेजाऱ्याचे दार मात्र आपण बंद ठेवू नये.

संत गोन्सालो गार्सिया, आम्हांसाठी विनंती कर. आमेन.